एकच स्टार्टर

थोरलीने स्टुलावर चढून पेटलेल्या ट्यूबच्या कडेचा स्टार्टर जरासा फिरवला आणि अलगद काढून घेतला. ट्यूब चालूच राहिली. मग स्टूल सरकवून तोच स्टार्टर तिने कापणीच्या टेबलावरच्या ट्यूबला बसवला. तीही एकदोनदा लुकलुकून लागली. दुसरा स्टार्टर कधीच गेला होता, पण या शिवणाच्या दुकानात ‘उद्या आणू’ म्हटलेली वस्तू सहसा येत नसे.

धाकटी स्टूल धरून, डोळे घट्ट मिटून उभी होती. विजेला ती जन्माची भित्री. दोघी बहिणींनी कामं वाटूनच घेतली होती: कात्री आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत धाकटीकडे, मशीन आणि वीज थोरलीकडे.

“आज सांगून टाकते त्यांना,” उतरता उतरता थोरली म्हणाली. “नाही म्हणून.”

त्यांना म्हणजे समोरच्या घड्याळवाल्यांना. पन्नाशी उलटलेल्या थोरलीला त्यांनी सरळ लग्नाचं विचारलं होतं आणि आज उत्तर द्यायचं होतं. विचारल्यापासून थोरली शिवताना गुणगुणायची. एका कोटाची उजवी बाही तिने डावीकडे जोडून ठेवली होती. तरी नाहीच. धाकटीच्या एकटीच्या अंगावर दुकान टाकून जाणं तिच्या जिवावर येत होतं. तुला साधी ट्यूब लावता येत नाही, एवढंच ती म्हणे.

धाकटीने सहज विचारावं तसं विचारलं, की त्यांच्या दुकानातली ट्यूब अजून लुकलुकते का. थोरली वैतागली. ते रोज बघायला बोलावतात, ती रोज स्टार्टर बदला म्हणून सांगते, ते रोज चहा मागवतात आणि ट्यूब आहे तशीच. वर स्टार्टरचं सगळं गणित त्यांनीच तिला समजावलेलं: आतली पट्टी तापते, वाकते, टेकते, मग गार होऊन सुटते, आणि ती सुटली की ट्यूब लागते.

“ताई, जो माणूस केसाएवढं चाक चिमट्याने बसवतो, त्याला स्टार्टर बदलता येत नाही?”

थोरली कानापर्यंत लाल झाली. हे तिच्या खरंच डोक्यात आलं नव्हतं.

“स्टूल धर,” धाकटी म्हणाली आणि वर चढली. डोळे या वेळी उघडे होते. तिने स्टार्टर फिरवला, काढला आणि खाली उतरून थोरलीच्या तळहातावर ठेवला. दोन्ही ट्यूब लख्ख चालू होत्या.

“हा त्यांच्याकडे बसव.”

“आणि उद्या इथे?”

“उद्या मी दोन आणते. बसवतेही मीच.”

थोरलीने स्टार्टर मुठीत घेतला. मग गळ्यातली मापाची टेप न काढताच रस्ता ओलांडून गेली.

धाकटी खिडकीशी थांबली. समोरचा लुकलुकता उजेड पार गेला, क्षणभर काळोख झाला आणि मग ट्यूब लागली ती लागलीच. काम चुटकीसरशी झालं होतं, पण थोरली काही परत येईना. धाकटीला इतका आनंद झाला की तिला जागेवर बसवेना. शेवटी तिने तो कोट मांडीवर घेतला आणि गुणगुणत उलटी बाही उसवायला लागली.