टवका कुठल्या बाजूला होता

सरकारी मत्स्यालयात मासे सांभाळणाऱ्या माणसाचं पत्र येऊन सव्वीस दिवस झाले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र चारच ओळींचं. ‘साहेब, तुमच्या समितीच्या अहवालावरून आमच्या आत्याला एक तारखेला खाजगी मत्स्यालयात पाठवणार आहेत. तिथलं कासव खरंच चार वर्षं तेच आहे का? तुम्ही ते दोनदा पाहिलंत. एका जरी सदस्याने लेखी हरकत घेतली, तर पाठवणी थांबते.’

आत्या म्हणजे बावीस वर्षांची समुद्री कासवी. त्याच्याच हातून खाणारी, आणि साहेबलोक पाहणीला आले की तळाशी जाऊन पाठ फिरवणारी.

दोन्ही मत्स्यालयं तपासणाऱ्या या समितीत मी कसा आलो हे मला अजून कळलेलं नाही. मी निवृत्त ग्रंथपाल. याला माशांतलं काही कळत नाही, म्हणजे हा निःपक्षपाती, असं अध्यक्ष म्हणाले. मला ते पटलं. माझ्याबद्दल कोणी कमी बोललं की मला लगेच पटतं.

सरकारी मत्स्यालयात पाणी गढूळ, निम्मे दिवे गेलेले, आणि मेलेला मासा तीन सह्या झाल्याशिवाय बाहेर काढता येत नसे. आम्ही गेलो त्या दिवशी एक मासा दोन सह्यांवर तरंगत होता. मागच्या खोलीत मात्र त्या माणसाने नामशेष होत चाललेल्या एका नदीतल्या माशाची चाळीसेक पिल्लं बादल्यांत वाढवली होती. ती अहवालात आली नाहीत, कारण बादल्या बागखात्याच्या होत्या.

खाजगीत सगळं निळं, गार, सुगंधी. ‘संवर्धन केंद्र’ लिहिलेल्या दारातून आत शिरलो, तर निघालो खेळण्यांच्या दुकानात. अध्यक्षांनी नातीसाठी कापसाचा डॉल्फिन घेतला. “चार वर्षांत आमच्याकडे एकही मृत्यू नाही,” व्यवस्थापक म्हणाला, आणि अध्यक्षांनी डॉल्फिन काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो, तेव्हा तिथल्या कासवाच्या कवचाचा उडालेला टवका मला त्याच्या उजव्या अंगाला दिसला. आधी तो डावीकडे होता. वहीत मी चित्रच काढलं होतं. मी घसा खाकरला.

“टवका... डावीकडे होता ना?”

“काका, मध्ये काच आहे,” व्यवस्थापक हसला. “काचेत उलटंच दिसतं.”

“ग्रंथपालांना आरसा भेट द्या रे कोणीतरी,” अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

घरी येऊन प्रकाशावरची दोन पुस्तकं वाचली. काचेतून पलीकडे पाहताना डावं-उजवं बदलत नाही, एवढी खात्री करायला मला तीन दिवस लागले. अहवालावर सह्या दुसऱ्याच दिवशी झाल्या होत्या. ‘मृत्युदर शून्य’ या ओळीखाली माझीही.

“अहो, प्रबंध लिहिताय का?” माझे नऊ खोडलेले कागद गोळा करत बायको म्हणाली. “तीन दिवसांत एक तारीख येईल.”

“माझी नजर चुकली असेल तर?”

“चुकली तर चुकली. कासव काय फिर्याद करणार आहे?”

“आधी सही करायची, मग हरकत घ्यायची... लोक काय म्हणतील?”

“लोकांतलं तुम्हाला ओळखतं कोण?”

हेही पटलं.

दहावा कागद छोटा झाला. ‘पहिल्या भेटीत टवका डावीकडे होता, दुसऱ्या भेटीत उजवीकडे. ती दोन वेगळी कासवं होती. पहिल्याचं काय झालं, हे मी विचारायला हवं होतं. माझी सही मी मागे घेतो; या पाठवणीला माझी हरकत आहे. तुमचं पाणी गढूळ आहे, तेही पुन्हा नोंदवतो.’ वहीतलं चित्राचं पान फाडून सोबत जोडलं.

टपाल कचेरीत खिडकीपाशी पाकीट माझ्या हातातून सुटेना.

“पत्ता एकदा तपासून पाहू का?” मी विचारलं.

“काका, मागे रांग आहे,” कारकून म्हणाली. तिने पाकीट ओढून घेतलं, शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकलं.