चार अंश

सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण आमच्या सम्यकरावांच्या डोक्यात काही शिरेल तर शपथ. बजाजनगरच्या ज्या प्रयोगशाळेत मी पाणी तपासते, तिथंच माझा नवरा गावोगावचे नमुने आणायच्या कामावर आहे, आणि हाच माझ्या जिवाला घोर. विदर्भातल्या एका जुन्या भूमिगत कोळसा खाणीतून उपसलेलं पाणी नाल्यात सोडतात. ते सोडण्याजोगं आहे की नाही, हे दर महिन्याला तपासावं लागतं. ह्यांचं काम एवढंच, की नाल्याच्या तोंडाशी कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरायचा आणि बर्फाच्या पेटीत घालून आणायचा. माझ्या टेबलावर पाणी चार अंशांवर यायला पाहिजे. पण हे बर्फ टाकणार सरबतात टाकल्यासारखा, आणि मग मी भांडणार. "चार म्हणजे चार, अहो! सात नाय, आठ नाय!"

दुसरी एक गोष्ट मी त्यांच्याकडून शपथेवर कबूल करून घेतली होती: खाणीत उतरायचं नाही. खालच्या अर्ध्या वाटा पाण्यात बुडालेल्या आहेत, आणि मला माझा नवरा दर वेळी सगळाच्या सगळा परत हवा होता.

डिसेंबरात त्यांचा तिथून फोन आला. पंप बंद होते, नाल्यात थेंब नव्हता. अशा वेळी 'पाणी सोडलेलं नाही' असं चिठ्ठीवर लिहून परत यायचं असतं, हे मला पाठ आहे. पण आदल्या महिन्यात हे महाशय एक कॅन बसमध्ये विसरून आले होते, तो राग माझ्या डोक्यातून गेला नव्हता. "कायबी करा, पण रिकामा कॅन घेऊन येऊ नका," असं फणकाऱ्यानं म्हणून मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कॅन भरून आला. बर्फ या वेळी गच्च होता, आणि पाणी मात्र बावीस अंश.

"कुठून भरलं हे?"

"पाणी होतं तिथून," एवढंच बोलून ते घरी झोपायला गेले. मी चरफडत कॅन फ्रीजमध्ये ठेवला.

सकाळी तो एकतीस अंशांवर होता.

"मॅडम, फ्रीज गया क्या?" आमचे साहेब, बासित सर, डोकावून म्हणाले. पण शेजारीच वाळूजच्या कारखान्यांचे सहा कॅन होते आणि सहाही चारावर होते. मी थर्मामीटर बदललं, कप्पा बदलला, शेवटी कॅन बर्फात पुरून ठेवला. बर्फ वितळेना आणि कॅन थंड होईना. इतका संताप आला, की फ्रीजचं दार मी दोनदा आपटलं.

घरी हे दोन गोधड्या पांघरून बसलेले. चहा दिला, तर त्यांनी कप हातात घेताच वरची वाफ गेली.

"थंडी वाजती का?"

"नाय."

"खाली उतरला होतात का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तू म्हणालीस ना, रिकामा नको."

माझ्या तोंडातून निघाला तो रागच. "म्हणून शपथ मोडायची? मी हजार गोष्टी बोलते, त्यातली नेमकी हीच ऐकायची होती व्हय?" त्यांनी गोधडी आणखी वर ओढली. त्या रात्री मी त्यांच्याकडं पाठ करून झोपले, आणि आता मला त्याचंच वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवशी कॅन सदतीस अंशांवर येऊन थांबला. दुपारपर्यंत मी चारदा मोजलं; सदतीसच. रंग नाही, वास नाही. मी कॅनवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला, कारण ती ऊब माझ्या ओळखीची, ह्यांच्या अंगाची होती. काचेचं थर्मामीटर पर्समध्ये टाकून, कधी नव्हे ती अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन मी घर गाठलं.

ते गच्चीवर उन्हात बसले होते. मी म्हटलं, "हात करा पुढं." त्यांच्या मुठीत थर्मामीटर दिलं आणि पारा उतरायला लागला. तीसच्या खाली गेला, वीसच्या खाली गेला. कुठंतरी थांब रे बाबा, असं मी मनात म्हणत होते. शेवटी तो एका रेघेवर थांबला आणि हललाच नाही.

त्यांनी वाकून पाहिलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसले.

"चार," ते म्हणाले. "आता तरी बरोबर आलं ना?"