दाजींनी उतरवलेला माझा कोट

मी रुबी, पूर्णा गावातली एक म्हातारी पॉमेरेनियन कुत्री. मित्रांनो, मला बघून खरं वाटणार नाही, पण माझे पूर्वज चांगले दांडगे होते. युरोपच्या उत्तरेकडे, बर्फाच्या मुलखात ते घसरगाड्या ओढत. तिथल्या समुद्रकाठच्या एका प्रांतावरून आम्हाला हे नाव मिळालं. पुढे माणसांना मांडीवर मावेल असं कुत्रं हवंसं झालं. मग दर पिढीतली लहान पिल्लं निवडून वाढवली गेली. एका राणीने आम्हाला जवळ केलं, तेव्हा तर आमची मागणी फारच वाढली. अंग असं लहान होत गेलं, पण कोट तोच राहिला. आत मऊ लोकर, वर लांब केस. तो थंडी अडवतो, तसं ऊनही थेट कातडीला लागू देत नाही. हे मात्र माझ्या घरी कुणालाच माहीत नव्हतं.

दोन हजार साली मी दाजींच्या घरी आले. त्यांनी म्हशी नुकत्याच विकल्या होत्या आणि गोठ्याच्या जागी गोडाऊन उभं राहिलं होतं. दाजी मला चहात बुडवलेली खारी भरवत, त्यांची नात रुचिका माझे केस विंचरायची. दोन वर्षांनी मला तीन पिल्लं झाली. दोन गेली, गुंडू उरला. तो श्वास घेतोय ना, हे मी झोपेतून उठून उठून बघायचे.

मे महिन्यात आम्ही दोघं धापा टाकू लागलो. दाजींचा जीव तुटला. थोरल्या बहिणीला ते म्हणाले, "आक्का, माझा वस्तरा कुठं हाय? म्हशी भादरायचो तशी या दोघांना भादरतो. म्हस कशी गार पडायची!"

"म्हस पान्यात बसायची, म्हनून गार पडायची," आक्का म्हणाल्या. पण वस्तरा त्यांनीच शोधून दिला, आणि दाजींनी आम्हा दोघांचे केस पार कातडीपर्यंत उतरवले.

शेजारचे दौलतकाका कुंपणावरून हसले, "दाजी, कुत्री हाय का सोललेली कोंबरी?"

सगळे हसले. मीही शेपूट हलवलं.

दुसऱ्या दुपारी, "आता गार झालीय ती, राहू दे भायेर," म्हणून दाजींनी मला अंगणात बांधलं. गोडाऊनला येणाऱ्या कंटेनरच्या गाड्यांखाली जाऊ नये म्हणून साखळी. माझ्यापाशी पत्र्याची सावली होती. गुंडू मोकळा होता. खेळता खेळता तो तापलेल्या सिमेंटच्या कोब्यावर गेला आणि तिथेच बसला. मी बोलावलं. तो उठला, दोन पावलं आला आणि आडवा झाला. माझी साखळी त्याच्यापासून हातभर अलीकडेच संपली. मी घसा फाटेपर्यंत भुंकले.

आतून दाजी ओरडले, "रुबी, गप! कंटेनरच हाय तो."

मी रोजच कंटेनरवर भुंकायचे, मित्रांनो. त्यांना तरी कसं कळावं?

रुचिका पाणी घेऊन आली, तोवर गुंडूचं अंग नुसतं भाजत होतं. दाजींनी त्याला नळाखाली धरलं, रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. परतले ते रिकाम्या हातांनी. "डॉक्टर म्हनाले, ते केसच त्याची सावली व्हती," ते आक्कांना सांगत होते. "मीच काढली गं."

माझे केस वर्षभराने आले, ठिगळं लावल्यासारखे. दाजी अजून माझ्या पाठीवर हात ठेवायला कचरतात. माझा त्यांच्यावर राग नाही. माया त्यांनी भरपूर केली, फक्त मी कोण, कुठली, हे कुणाला विचारलं नाही.

मित्रांनो, घरी एखादा मुका जीव आणाल, तेव्हा तो मूळ कुठला, त्याला काय सोसतं, हे जाणत्याला आधी विचारा. उकडत असेल तर त्याला आत घ्या, पाणी ठेवा. आणि तो रोजच्यासारखाच भुंकतोय असं वाटलं, तरी एकदा दार उघडून बघा. आमच्या दारापासून गुंडू सात पावलांवर होता.