खुळखुळ्यातले दाणे

“इस्त्री उचल गं, शर्ट करपेल!” लाँड्रीवाल्या मावशी ओरडल्या आणि लगेच रुमालात नाक शिंकरून पुन्हा रेडिओला कान लावून बसल्या.

तिने इस्त्री उचलली. रेडिओवर तिचा नवरा गोष्ट सांगत होता. अख्खं शहर त्याला ‘मधाचं पोळं’ म्हणायचं. घरी या पोळ्यातून ‘मीठ कुठंय?’ एवढंच गळायचं.

आज तो तापाने गेलेल्या लेकीची गोष्ट सांगत होता. त्यांच्याच लेकीची. बायकोची आई, बहीण, बाळंतपण, सगळं त्याने रेडिओवर वापरून संपवलं होतं. एवढी एक गोष्ट सांगू नका, असं तिने हात जोडून सांगितलं होतं.

“रात्रभर मी कपाळावरच्या पट्ट्या बदलत होतो,” आवाज म्हणाला. “पहाटे तिने एकदाच खुळखुळा हलवला...”

खळ्ळ. खळ्ळ.

पट्ट्या! त्या रात्री हा गडी स्टुडिओत भलत्याच कुणाच्या मरणावर गळा काढत होता. तरीही क्षणभर तिला तो दिसला, उशाशी बसलेला, ओल्या हातांचा. डोळे भरून आले आणि तिला स्वतःचीच किळस आली. तोंड दिसत नाही, म्हणून रेडिओवर काहीही खपतं.

एकच समाधान होतं. तो खुळखुळा त्यांचा नव्हता. त्यांच्या खुळखुळ्याचा आवाज बारीक होता, कुजबुजल्यासारखा.

“किती सोसलं गं साहेबांनी!” मावशी हुंदके देत म्हणाल्या. “नशीब लागतं असा बाप मिळायला.”

“हो ना. ऐकण्यासारखा माणूस आहे.”

तो घरी आला तो फुगूनच. गोष्टीतले आवाज काढायला तो घरातल्याच वस्तू पिशवीत भरून न्यायचा. ती पिशवी त्याने टेबलावर आदळली.

“ऐकलंस? फोन थांबेनात! डायरेक्टरसाहेब स्वतः रडले.”

“त्यांना त्याचाच पगार आहे.”

“तुला नाही कळायचं. ही रेडिओची ताकद! जो माणूस तिथे नाही, त्यालाही आम्ही उभा करतो.”

“केलात की. पोरीच्या उशाशी तुम्हालाच उभं केलंत. ती होती तेव्हा जमलं नव्हतं.”

तो पानावर बसला. तिने पिशवी रिकामी केली. पातेल्याखालून खुळखुळा निघाला. लेकीचाच, तिने कपाटात दुपट्यात गुंडाळून ठेवलेला. पिवळ्या मुठीवर दोन इवल्या दातांच्या खुणा. तिने हलवला. खळ्ळ.

“हा आवाज याचा नाही.”

“अगं, माइकवर पोचतच नव्हता तो. अगदीच पातळ. मग उघडून आतले दाणे काढले, खडे भरले. चिकटपट्टी लावलीय, कळतसुद्धा नाही.”

“दाणे कुठे आहेत?”

“म्हणजे काय? गेले केरात. वाढ आता, भूक लागलीय.”

तिने पट्टी सोडवली आणि खडे त्याच्या रिकाम्या ताटात ओतले. टणटणाट झाला. माइकवर छान पोचला असता.

मग पट्टी पुन्हा नीट चिकटवून तिने खुळखुळा कानाशी नेला आणि हळूच हलवला.