तोमासाचं दंताळं

"पाय उचल! अगं बाई, पाय उचल ना, तिथे नको!"

तोमासा मावशी ओरडली ती आमच्या भाषेत, आणि ती लाल टोपीवाली पाहुणी होती कुठल्यातरी थंड मुलखातली. पण मावशीच्या हातात दंताळं असलं की तिची भाषा सगळ्या जगाला कळते. बाईने घाबरून पाय उचलला आणि तशीच एका पायावर उभी राहिली.

"आता हा ठेवू कुठे, असं विचारतेय ती," मी म्हणालो.

"माझ्या डोक्यावर ठेव म्हणावं. तिथे खूण तरी उमटणार नाही."

मी हात देऊन त्या बाईला वाटेवर ओढलं. मावशीने तिच्या पावलावरून दंताळं फिरवलं, मान वाकडी करून एकदा पाहिलं, पुन्हा फिरवलं. राख जशी होती तशी झाली.

आमचं काम हे असं. आमच्या बेटावरच्या ज्वालामुखीच्या रानात पाहुण्यांना बग्ग्यांतून फिरवायचं. बग्गी म्हणजे नुसता लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि चार दांडगी चाकं. सगळ्यात पुढे येराई, वाट दाखवायला. मध्ये पाहुणे, आपापली बग्गी आपणच हाकत. आणि सगळ्यांच्या मागे मी, हिनेस, धूळ खायला. माझ्या शेजारी तोमासा मावशी, मांडीवर आडवं दंताळं घेऊन. इथे पावसाचं रुसणं पाचवीलाच पुजलेलं. राखेवर एकदा पाऊल उमटलं की ते बसलं. म्हणून हे रान राखणाऱ्या सरकारी उद्यानवाल्यांचा नियम कडक आहे: चाक वाटेवरच चालेल, पाय वाटेवरच पडेल, आणि कुणाचा चुकून बाहेर पडलाच तर तो पुसूनच पुढे जायचं.

आता पुसायचं म्हणजे आत जायचं, आणि आत गेलं की आपलीच पावलं उमटणार. त्याला मावशीची युक्ती आहे. ज्याची पावलं पुसायची त्याच्याच पावलांत पाय टाकत आत जायचं, शेवटच्या पावलापर्यंत. मग तिथून उलटं, मागे मागे सरकत, विंचरत बाहेर यायचं. बाहेर आल्यावर आत कुणी गेलंच नव्हतं.

हे तिला कुणी शिकवलं नाही. आमच्या तिनाहो गावात घरासमोर काळी खडी पसरलेली असते आणि दर शनिवारी बायका ती विंचरतात. ज्या घराचं अंगण विंचरलेलं नाही त्या घरच्या बायकांबद्दल पुढे काही बोलायची गरज पडत नाही. मावशीचा हात तर असा शिवशिवतो, की तिच्या नवऱ्याच्या तेराव्याला... म्हणजे आमच्याकडे नवव्या दिवशी प्रार्थना असते, त्या दिवशी पाद्रीबाबा अजून अंगणात उभे होते आणि ही त्यांच्याभोवतीची खडी विंचरून मोकळी झाली होती. बाबांना जायला वाट उरली नाही. जित्याची खोड, दुसरं काय!

तिने आयुष्यात कांद्याची शेतं खुरपली, आरेसीफे बंदरातल्या कारखान्यात सार्डिन मासळी डब्यांत भरली, दोन मुलगे वाढवले आणि ते दुसऱ्या बेटांवरच्या हॉटेलांत निघून गेले. साठी उलटल्यावर माणसं दारात खुर्ची टाकून बसतात. ही मालक अन्सेल्मोकडे आली आणि म्हणाली, मला मागच्या बग्गीवर ठेव. मालकाला वाटलं, पैशाची नड असेल. आम्हाला मात्र ठाऊक होतं ती का आली ते. सगळ्या तिनाहोला ठाऊक होतं.

ती बापाची पावलं शोधत होती.

तिचा बाप सेबेरो. ते दुष्काळाचे दिवस. विहिरी खडखडीत, शेतात कांदासुद्धा धरेना. गावातले पुरुष चोरून मासेमारीच्या होड्यांत बसून समुद्रापलीकडच्या व्हेनेझुएलाला जात होते. परवाना नसायचा, म्हणून बंदराऐवजी पश्चिमेच्या खडकाळ किनाऱ्यावरून, जिथे शिपाई फिरकत नसत. आणि त्या किनाऱ्याला जायचं तर हेच रान ओलांडायचं. सहा वर्षांची अनवाणी तोमासा बापाचा हात सोडेना. आई अंथरुणाला खिळलेली. शेवटी तो तिला घेऊन निघाला, उजाडता उजाडता. अर्ध्या रानात, एका बाजूला काळा डोंगर, दुसऱ्या बाजूला तांबडा, आणि मध्ये परातीसारखा खोलगट भाग, तिथे त्याने तिला थांबवलं.

"इथून परत फीर," तो म्हणाला. "आपल्याच पावलांत पाऊल टाकत जा, म्हणजे चुकणार नाहीस. मी परत येईन ना, तेव्हा तुझी पावलं बघत बघत येईन. म्हणजे मला कळेल, पोरगी घरी पोचली."

ती पोचली. त्या होडीचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. कुणी म्हणे पोचली, कुणी म्हणे वाटेत बुडाली. मावशी मात्र म्हणायची, "माणूस समुद्रात विरतो, पण ह्या राखेतून जात नाही. त्याची पावलं असणारच. आणि माझीपण."

"मावशी, पन्नासच्या वर वर्षं झाली," येराई चिडवायचा. "आता त्या पावलांना दाढ्या फुटल्या असतील."

"तुला मेल्या अजून फुटली नाही, त्यांना कुठून फुटणार?"

आमच्या ह्या रानात काळ्या-तांबड्या डोंगरांच्या जोड्या पन्नास निघतील आणि आमची वाट त्यातल्या ठरलेल्या चार-पाचांच्या पायथ्याने जायची. तेवढ्यात ती रोज मान वळवून वळवून बघायची. बाकीचं रान बंद. नियमाला ती आमच्याहून पक्की, त्यामुळे वाट सोडून शोधायला जाणं तिच्या स्वप्नातही आलं नसेल.

लाल टोपीवाली आली त्या दिवशी मात्र वाटच बदलली होती. जुन्या वाटेखालची लाव्हाची पोकळी खचली, म्हणून उद्यानवाल्यांनी पश्चिमेकडून नवीन वाट आखून दिली होती. त्या वाटेवरची ती आमची पहिलीच फेरी.

मी ह्याच बेटावर जन्मलो. ह्या डोंगरांचं कौतुक पाहुण्यांनी करावं, आपण टायरची हवा बघावी, हा माझा खाक्या. पण त्या नव्या वाटेवरच्या खिंडीत आम्ही चढलो आणि मी इंजिन बंद करायचं विसरलो. खाली सगळीकडे विझलेल्या आगीचा मुलूख. काळा, मग गंजका, मग जांभळा, मध्येच पिवळी धमक गंधकाची रेघ. एवढी जागा, आणि तिथे एक माशीसुद्धा नाही. येराईने हात वर केला, सगळी इंजिनं थांबली आणि जी शांतता आली तिने कान दुखायला लागले. पाहुणे बडबडे होते सगळे. सगळे आता नुसते खाली बघत होते. एका म्हाताऱ्या गोऱ्याने टोपी काढली. मी जमिनीला हात लावून पाहिला. ऊन अजून तिथे पोचलं नव्हतं आणि जमीन मात्र कोमट होती, आजारी पोराच्या कपाळासारखी.

"हिनेस," मावशी हळूच म्हणाली. "हा काळा. तो तांबडा."

"मावशी, असले पन्नास आहेत, तूच म्हणतेस."

तिने हनुवटीने खाली दाखवलं. खाली, दोन डोंगरांच्या मध्ये, सावलीत बुडालेली एक परात होती.

तेवढ्यात गलका झाला. जर्मन कुटुंबातली एक वेण्यावाली चिमुरडी बूट-मोजे फेकून अनवाणी खाली उतरली होती. मी तेव्हा एका बग्गीचा पट्टा आवळत होतो, मावशी लाल टोपीवालीला समज देत होती. बापाने हाक मारली तशी पोर खिदळत वर आली. आई रागावली, बाप लाजला, येराईने घड्याळ पाहिलं.

"मी ह्यांना घेऊन पुढच्या थांब्यावर जातो," तो म्हणाला. "तुम्ही तेवढं पुसून या. उद्यानवाला आज तपासायला येणार आहे."

सगळे गेले. धूळ बसली. मावशी उतरली आणि पोरीच्या पावलांच्या मधोमध चवडा टेकवत खाली निघाली.

"बरीच आत गेलीय रे कार्टी," ती खालून म्हणाली.

"काटकुळी होती तरी चपळ होती."

"पण शहाणी हो! बघ तरी. पावलात पाऊल टाकून परत आलीय. दोन्हीकडे बोटं उमटलीत. आपल्या पोरांना शिकवून समजत नाही."

मी हसलो. पाव काढला, चीज काढलं. सावलीत मला तिची पाठ दिसत होती आणि दंताळ्याचा तो खर्र खर्र आवाज येत होता. ती शेवटच्या पावलापासून मागे मागे येत होती. हात असा गोलाईने फिरत होता की बघत राहावं. तिच्यापुढची राख नवीन अंगणासारखी होत चालली होती.

आणि मग काळ्या डोंगराच्या कडेवरून ऊन आलं.

ते ऊन खाली पडलं नाही, आडवं सरकलं. राखेवरची प्रत्येक खडी, प्रत्येक सुरकुती उभी राहिली. मावशीने एकदम हात थांबवला.

"हिनेस! इथे गाडी कुणी घातली रे?"

"गाडी? तिथे गाडी कशी येईल?"

"मग टायरची नक्षी कशी आली?"

मी कडेशी आलो आणि तिथेच खिळलो. तिच्या शेजारून, हातभर अंतरावरून, खुणांची एक ओळ चालली होती. टायरची नक्षी होती खरी, पण चाकाची नव्हे. पावलाच्या आकाराची. डावं, उजवं, डावं, उजवं. उथळ, एकदाच टाकलेली, म्हणून सावलीत दिसली नव्हती. त्या काळात आमची गरीब माणसं जुन्या टायरचे तळवे कापून चपला करत. माझ्या आज्याच्या तसल्या चपला अजून आमच्या माळ्यावर आहेत. ती ओळ परात ओलांडून पलीकडच्या चढावर गेली होती, कड्यापर्यंत, समुद्राच्या दिशेने. आणि जिथून मावशीने विंचरायला सुरुवात केली होती त्याच्या वीतभर पुढे, राखेत एक गोल खळगा होता. कुणीतरी एक गुडघा टेकला होता. लहान पोराशी बोलायला टेकतात तसा.

तोंडातला घास तसाच राहिला. माझ्या जन्माआधीची ती सकाळ जशीच्या तशी तिथे पडून होती. डोंगरांनी ती राखली होती, आणि आम्ही त्यावर विनोद करत होतो.

मावशीने आधी बापाच्या पावलांकडे पाहिलं. मग स्वतःच्या पुढ्यातल्या विंचरलेल्या राखेकडे. मग पायाशी उरलेल्या चार-दोन लहान पावलांकडे, दोन्हीकडे बोटं असलेल्या. आता उन्हात दिसलं, जर्मन पोरीची पावलं वर वाटेच्या कडेलाच फिरून परतली होती.

तिने दंताळं सोडलं नाही, पण ती मटकन खाली बसली.

"माझीच होती रे," ती म्हणाली. "माझ्या हातानं पुसली."

"मावशी..."

"तो आला तर काय बघेल? त्याला वाटेल, पोरगी इथेच कुठे हरवली. घरी पोचलीच नाही."

तो येणार नाही हे तिलाही कळत होतं. साठीची बाई, दोन मुलांची आई. पण ती जे म्हणत होती ते मला इतकं खरं वाटलं की मीही त्या कड्याकडे पाहिलं, तिथून आता कुणी टोपी हातात घेऊन डोकावेल म्हणून. डोळे भरून आले माझे. लपवायला तिथे कुणी नव्हतंही.

बग्गीतल्या वायरलेसवर येराईचा आवाज खरखरला. "हिनेस, झालं का? तो तपासणारा निघालाय."

मावशी उठली होती. ती वर आली, उरलेल्या पावलांवरून नीट पाय टाकत. दंताळं तिने माझ्या हातात दिलं. बग्गीच्या पायरीवर बसून बूट काढले, मोजे काढले आणि मोजे बुटांत घातले.

"दंड होईल मावशी," मी म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक.

"माझ्या पगारातनं कापायला सांग."

ती अनवाणी खाली गेली. बापाच्या पावलांना धक्का न लावता, त्यांच्या डावीकडून, जिथे हात धरून चालणारी पोर चालते तिथून. तिचे पाय म्हाताऱ्या बाईचे, टाचा फुटलेल्या, अंगठा बाजूला कललेला. पण तिचा उजवा हात अंगापासून जरा वर उचललेला होता, मुठीत कुणाचं बोट असावं तसा. त्या दोन प्रचंड डोंगरांमध्ये ती एवढीशी दिसत होती. गुडघ्याच्या खुणेपाशी ती थांबली. ती काही बोलली की नाही, मला ऐकू आलं नाही. मग तिने कड्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली.

परत येताना ती खाली बघून, पावलात पाऊल टाकत आली. एकही चुकलं नाही. टाचेवर बोटं, बोटांवर टाच.

माझ्या हातात दंताळं होतं. तिने ते मागितलं नाही आणि मीही पुढे केलं नाही. मागे नळ्यांना बांधून टाकलं.

वायरलेस पुन्हा खरखरला. "अरे, मेलात का दोघं? ती पोरगी किती आत गेली होती? सगळं पुसलं ना?"

मी तो उचलला तसा मावशीने माझ्या हातातून काढून घेतला. आयुष्यात तिने त्याला कधी हात लावला नव्हता. कुठलं बटण दाबायचं ते मी दाखवलं.

"पोरगी घरी पोचली," ती म्हणाली आणि त्याने पुढे काही विचारायच्या आत बटण सोडलं.

बूट मांडीवर घेऊन ती बसली. पायाच्या बोटांत काळी राख भरली होती. ती तिने झटकली नाही. मी बग्गी सुरू केली आणि वाटेवरच्या चाकोरीतून हळूहळू पुढे नेली.