पाया लेबारला विसरलेला खंड

मनोहर तेलंग आमच्याकडे यायचे थांबले, त्याला २००९ च्या जुलैत आठ महिने झाले. त्याआधी दर रविवारी ते त्यांच्या घराजवळच्या हार्बरफ्रंट स्टेशनवर मेट्रोच्या गाडीत बसायचे आणि थेट आमच्या हौगांगला उतरायचे. आमच्या छोट्या मराठी वाचक मंडळाच्या पुस्तकांची दोन कपाटं माझ्या खोलीत आहेत. पुस्तक बदलायचं हे निमित्त. खरं म्हणजे या परदेशी शहरात माझ्याशी तासभर बोलेल असा तो एकच माणूस होता.

ते येत नाहीत ते शरमेमुळे, असं मी धरून चाललो होतो. त्यांच्या हातून जुन्या दिवाळी अंकांचा एक बांधीव खंड हरवला होता आणि तसं त्यांनी लिहून दिलं होतं. त्यांना परत कसं बोलवावं हे मला सुचत नव्हतं. मी फोन उचलायचो, पहिलं वाक्य जुळवायचो आणि ठेवून द्यायचो.

अशात माझी नात इरा एक दिवस शाळेतून आली ती दप्तर टाकत म्हणाली, "आजोबा, डिबेट आहे. जपानची क्रिमिनल जस्टिस सिस्टिम फेअर आहे की नाही. आमची साइड, फेअर आहे. मला हेल्प करा ना."

पंधरा वर्षांची मुलगी माझ्याकडे काही मागते आहे, याचाच मला इतका आनंद झाला की विषय अवघड आहे हे उशिरा लक्षात आलं. मी लायब्ररीतून चार पुस्तकं आणली, वर्तमानपत्रांची कात्रणं जमवली. जपानमध्ये त्याच वर्षी मे महिन्यापासून गंभीर खटल्यांत न्यायाधीशांच्या शेजारी साधी माणसं बसवायची पद्धत सुरू झाली होती. दुकानदार, शिक्षक, गृहिणी. माझ्यासारख्याला बसवलं तर मी काय करीन, या विचारानेच मला घाम फुटला.

आमची बाजू मला पटत गेली. तिथे खटला उभा राहिला की शंभरात नव्व्याण्णवाहून जास्त जण दोषी ठरतात. ऐकायला भयंकर वाटतं. पण सरकारी वकील पुरेपूर खात्री असल्याशिवाय खटला भरतच नाहीत. ज्याने चूक मान्य केली, माफी मागितली, अशा कितीतरी लोकांना ते कोर्टापर्यंत न नेताच सोडून देतात.

"मी तरी वेगळं काय करतो?" मी इराला म्हणालो. "खात्री झाल्याशिवाय मी कुणाला विचारत नाही. अकरा वर्षांत सात पुस्तकं हरवली. सातही जणांनी कबूल केलं."

"सेव्हन आउट ऑफ सेव्हन? आजोबा, तुम्ही जपानपेक्षा डेंजरस, लाह!" ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली.

मी हसलो. त्या हसण्याची आठवण आता नको वाटते.

मग समोरच्या बाजूचे मुद्दे काढायला बसलो. खटला भरण्याआधी संशयिताला तेवीस दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं. चौकशीच्या खोलीत त्याचा वकील नसतो. जूनमध्येच एक माणूस सतरा वर्षांनी तुरुंगातून सुटला होता. गुन्हा त्याचा नव्हताच, हे नव्या तपासणीत दिसलं. पण त्याने तर कबुली दिली होती! जे केलंच नाही ते माणूस कबूल का करेल? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. जेवताना सुनेने दोनदा आमटी वाढली तरी मला कळलं नाही.

"आजोबा, हे ऐका," इरा कात्रण वाचत होती. "कबुली तो माणूस स्वतः लिहितच नाही. विचारणारा ऑफिसरच लिहितो. आणि 'मी' म्हणून लिहितो! मी गेलो, मी केलं, असं. मग वाचून दाखवतो आणि तो माणूस खाली साइन करतो. दॅट्स चीटिंग, नाही का?"

मी उठून कपाटातली फाइल काढली. मनोहररावांचा कागद वरच होता. अक्षर माझं, सही त्यांची.

"मी, मनोहर तेलंग, लिहून देतो की वाचनात गढून गेल्यामुळे पाया लेबारला उतरताना सदर खंड माझ्याकडून गाडीत विसरला."

इराने तो वाकून वाचला. तिला मराठी सावकाश वाचावं लागतं. मग ती म्हणाली, "पण तेलंग आजोबा पाया लेबारला कशाला जातील? हार्बरफ्रंट टू हौगांग डिरेक्ट लाइन आहे. पाया लेबार वेगळ्याच लाइनवर. तिथे तर आपण जायचो. बुधवारी, माझ्या ड्रॉइंग क्लासला."

खरं होतं. वर्षभर दर बुधवारी मी तिला तिथे पोचवायचो आणि क्लास सुटेपर्यंत बाकावर वाचत बसायचो. हातात कपाटातलंच काहीतरी असायचं.

दुसऱ्या दिवशी तो कागद खिशात घालून मी हार्बरफ्रंटला गेलो. दार शुभदाताईंनी उघडलं. "अहो, कोण आलंय बघा," त्या आत वळून म्हणाल्या, आणि मला बसा म्हणाल्या नाहीत.

मनोहरराव बनियनवर बाहेर आले. "निशिकांतराव! आता काय हरवलं?"

मी कागद पुढे केला. तोंडपाठ केलेलं वाक्य गेलंच. "हे... हे खरं आहे का?"

"मला काय विचारता? लिहिलंय तुम्ही."

"सही तुमची आहे."

"हो. चौथ्या रविवारची." ते खुर्चीत बसले. "पहिल्या रविवारी सांगितलं, खंड परत केलाय. दुसऱ्या रविवारी तेच सांगितलं. तुम्ही म्हणालात, 'आठवून बघा.' तिसऱ्या रविवारी वाटायला लागलं, आपलंच वय झालंय, विसरलो असू. चौथ्या रविवारी तुम्ही कागद तयारच ठेवला होता. आणि वाचलात इतका सुंदर, की मलाच ती गाडी दिसायला लागली!"

"पण पाया लेबार? तुम्ही तिकडे जात नाही, हे तरी बोलायचं."

"बोललो होतो की. तुम्ही म्हणालात, 'एखादे वेळी गेला असाल.' एका पुस्तकासाठी मित्राशी किती भांडायचं? म्हटलं, सही करावी, विषय संपेल, चहा तरी गरम मिळेल."

"मग यायचे का थांबलात?"

"सही केली आणि निघालो, तर तुम्ही माझ्या पिशवीकडे पाहिलंत. एकदाच. तुमच्या लक्षातही नसेल."

माझ्या लक्षात नव्हतं. पण मी पाहिलं असणार.

मी तो कागद फाडायला घेतला. मनोहररावांनी हात धरला. "फाडू नका. पाठीमागे लिहा. या वेळी स्वतःच्या नावाने."

त्यांनी पेन दिलं. मी लिहिलं : मी, निशिकांत, लिहून देतो की खंड कोणी हरवला हे मला ठाऊक नाही. मनोहररावांनी तो परत केल्याचं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. दर बुधवारी पाया लेबारला मीच जात होतो.

शेवटच्या वाक्याशी त्यांची नजर थांबली. त्यांनी चष्मा वर केला.

"तुम्ही नेला होता का तो खंड?"

मी खरोखर आठवायचा प्रयत्न केला. बाक आठवला, इराची रंगांची पेटी आठवली. मांडीवर पुस्तक होतं. कुठलं, ते दिसेना.

"आठवत नाही," मी म्हणालो, आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहत बसलो.

"बरं," ते म्हणाले. कागदाची घडी करून त्यांनी ती मला परत दिली. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आतून शुभदाताईंचा आवाज आला, "त्यांच्या चहात साखर किती?"

"अर्धा चमचा," मनोहरराव म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "नातीला म्हणावं, बाजू बदलून मिळते का ते बघ. आणि रविवारी मी आलो तर पिशवी दाराबाहेर ठेवू की आत?"