मिटलेले ओठ

रंगांच्या दुकानात छटा जुळवून देण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तीच एका सकाळी लाल रंगाशी अडली. डाव्या डोळ्याला तो लालभडक दिसे, उजव्याला धुऊन विटल्यासारखा. आणि तो उजवा डोळा फिरवला की आत खोलवर ठणका उठे. पुढे त्या डोळ्यासमोर मधोमध करडा डाग आला. समोरच्या माणसाचे केस, कान, खांदे दिसत. चेहरा तेवढा पुसलेला.

नवऱ्याचा चेहरा मात्र स्वच्छ दिसे.

नवरा बसवर कंडक्टर, मोठा गमत्या. त्याच्या बोलण्यावर अख्खी गल्ली पोट धरून हसायची. चहा पिताना तो असाच खदखदून हसत होता, तेव्हा तिने सहज डावा डोळा झाकला. हसणं ऐकू येत होतं. पण चेहरा ओठ मिटून तिच्याकडे रोखून बघत होता.

स्कॅनमध्ये डोळ्याच्या नसेला सूज दिसली, छातीतही गाठी निघाल्या. डॉक्टरीणबाईंना आधी क्षयाची शंका होती. गाठीचा तुकडा तपासल्यावर ती फिटली आणि सारकॉइडोसिस हे नाव कळलं. शरीर स्वतःच जागोजागी सूज धरतं, वेळेत औषध दिलं तर नजर वाचते, असं त्यांनी समजावलं. चेहऱ्याचं तिने भीतभीतच सांगितलं.

"नजरेत भोक पडलं की मेंदू ठिगळ लावतो," त्या म्हणाल्या. "आठवणीतलंच काहीतरी."

"पण त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिलेलाच नाही."

डॉक्टरीणबाईंनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली.

सलाइनमधून स्टिरॉइड झालं, मग गोळ्या, हळूहळू कमी होत जाणाऱ्या. तोंड सुजलं, झोप उडाली, पण डाग विरला. लाल पुन्हा लाल झाला. नणंदेच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसू लागला. नवऱ्याचा चेहरा तेवढा त्या डोळ्यात होता तसाच राहिला. तिने कुणाला सांगितलं नाही. डावा डोळा शाबूत होता, त्याच्या भरवशावर संसार चालला असता.

शेवटची गोळी घेतली त्या दुपारी नवऱ्याने असा काही किस्सा रंगवला की हसून हसून नणंदेच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने उजवा डोळा तळहाताने झाकला आणि डाव्याने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अहो, जरा हसा ना," ती हळूच म्हणाली.

"हसतोच आहे की," तो म्हणाला.